घाम सुटला की साखर

४ मार्च १९९६
आज परत तोंडात साखर कोंबली! नळावर हंडा भरत होते. छातीतून वाफ उठली, मान तापली, चेहरा तापला, घामाच्या धारा. एवढंच. पण शेजारच्या खोलीतली माझी जाऊ शोभाबाई — तिचे डोळे कायम माझ्या कपाळावर! "घाम सुटना! साकर आना रे कोनी!" ह्यांची कापडाच्या लूमवर रातपाळी, त्यामुळे घरीच होते. धावत आले, चार बायांत माझा जबडा धरला आणि मूठ रिकामी केली. मी गिळली. करणार काय?

घरी येऊन नळी लावली. निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी — चढत जातं. विटेचा रंग आला तर धोका. माझं चांगलं नारिंगी! म्हणजे आधीच जास्त, त्यावर ह्यांची मूठ. आता इन्सुलिनची सुई वाढवायची. सुई वाढवली की साखर खरंच उतरणार. उतरली की घाम. घाम सुटला की पुन्हा मूठ! घाण्याच्या बैलाला निदान झापडं तरी असतात.

७ मार्च
पाळी थांबून महिने झाले. इथले सुरतेचे डॉक्टर हसले — "उंमर थई, बेन." वय झालं म्हणे. झालं औषध.

लेक गायत्री मांडीवर असताना हा साखरेचा आजार लागला. आधी मोरीत, लघवीच्या जागी, मुंग्या यायच्या. सासूबाई रॉकेल ओतायच्या आणि मला आळशी म्हणायच्या. तेव्हापासून सुई टोचून घेतेय, मला घाम कळत नाही होय? साखर उतरल्याचा घाम थंड. हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो. हा नवा घाम गरम, छातीतून वर चढणारा. मला बरोबर कळतो.

नेहमीच कळतो असं नाही. पण हे फक्त इथं लिहितेय.

१० मार्च
गायत्रीला सातवा लागला. पहिलटकरीण. ह्यांना म्हटलं, धरणगावला तिच्या सासरी जा, लेकीला घेऊन या. पहिलं बाळंतपण माहेरी नाही तर कुठे?

जेवता जेवता म्हणाले, "तुले सोतालेच संभाळता येत नही, पोरले काय संभाळशी?"

तिची सासू करेल म्हणे सगळं. एकुलती एक लेक माझी! मग मी कशाला उरलेय? साखर खायला?

११ मार्च
जुनं लुगडं फाडून दुपटी शिवायला बसले.

१९ मार्च
हरले. दुपारी घाम आला, म्हटलं हा वाफेचाच. शोभाबाई आली तर तिच्यावरच डाफरले — "हाऊ तो नही! दूर व्हय!"

तोच होता, साखर उतरल्याचा. शुद्धीवर आले तेव्हा उंबऱ्यापाशी पडलेली, कपाळ फुटलेलं, तोंडात गोड चिखल. हे भिंतीला टेकून रडत होते. माणूस वाईट नाही. घाबरलेत.

पण उद्यापासून ह्यांची दिवसपाळी, आणि हे कामावर गेले की दाराला बाहेरून कडी! मी रस्त्यात कुठे पडू नये म्हणून. ओट्यावर शोभाबाई पहाऱ्याला.

३० मार्च
वाफ उठते तेव्हा कातडी काढून खुंटीला टांगावीशी वाटते. दारात जाऊन वाऱ्याला उभं राहावं — तर कडी. पंखा गरम वारा फेकतो. बाहेर लूमची खटखट. मला ह्या खोलीचा वीट आलाय.

७ एप्रिल
आज ह्यांना सांगितलं — कडी लावा, पहारा ठेवा, साखर कोंबा, सगळं कबूल. पण लेक आणा.

तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "आनस."

२१ एप्रिल
गायत्री आली! केवढं पोट! शोभाबाईनं ओटी भरली. शेजारपाजार श्रीखंड, पेढे घेऊन हजर. पोरगी एकटी माठ रिकामा करते. "माय, पानी दे." सुरतेचा उन्हाळा, दुसरं काय. मोरीतही सारखी जा-ये. दिवस भरत आले की असंच.

कडी तशीच. म्हटलं, आता ही आहे ना सोबतीला? तर म्हणाले, "तू पडनी त पोर धावी. तीबी पडनी त?" आता आम्ही दोघी आत.

२८ एप्रिल
भाकरी थापताना वाफ उठली. बघते तर गायत्री डबा घेऊन समोर! "माय, साकर दिऊ?"

माझी लेकसुद्धा! तिच्या हातावर फटका मारला. पोटुशी पोरीला मारलं मी. ती हसली आणि तीच साखर स्वतःच्या तोंडात टाकली. तिचे ओठ किती सुकलेत! पुन्हा पाणी प्यायली.

३ मे
मोरीत मुंग्या.

आठवडा झाला, माझी नळी निळी आहे.

गायत्रीला लघवीसाठी रिकामा डबा दिला. नळी तापवली. हिरवं. पिवळं. नारिंगी. थांब, म्हटलं, थांब! विटेचा रंग.

दार बडवलं. घामानं निथळत होते. "उघाड वं शोभाबाई! पोरले दवाखानामा नेनं शे!"

कडी निघाली. शोभाबाई दारात उभी होती, मुठीत साखर घेऊन.