तीस सेकंदांचं कौतुक

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून पत्र लिहितोय. यात तुला मधेच तोंड घालता येणार नाही.

आमच्या टिटवीला नैराश्य आहे असं तुमच्याच हॉस्पिटलातल्या बाईंनी लिहून दिलं आहे. सोळाव्या वर्षी नैराश्य! माझ्याकडे सोळाव्या वर्षी धड चपला नव्हत्या, तेव्हा मला कुणी असं काही लिहून दिलं नाही. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. केस विंचरत नाही. हिचं टिटवी हे नाव मीच ठेवलं होतं, कारण बडबड थांबायची नाही, मी कानात बोटं घालून बसायचो. आता जेवायला हाक मारली तर नुसतं हं. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही काहीतरी बोला तिच्याशी. बोललो की म्हणते, असं नको.

आता मुद्दा. तुमच्याकडे म्हणे मेंदूचं चित्र काढून आधीच सांगतात की बोलून करायच्या उपचाराचा या मुलाला उपयोग होणार की नाही. हे मला एकदम पटलं. आमच्या कारखान्यात दुसरं काय चालतं? पंखा लावायचा, तीस सेकंद कान द्यायचा, पास की नापास. बावीस वर्षांत मी पास केलेला एकही पंखा परत आलेला नाही. तर टिटवीचं चित्र काढून टाका. पास निघाली तर बारा आठवडे दर गुरुवारी शाळा बुडवून पाठवतो. नापास निघाली तर उगाच हेलपाटे कशाला? निकाल हातात आल्याशिवाय उपचाराच्या कागदावर मी सही करणार नाही. मशीन तूच चालवतेस, तेवढं लवकर बघ.

तब्येत सांभाळ, आणि उत्तर मुद्द्याला धरून लिही.

तुझा
दादा


ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. मुलीला पंखा म्हणणारा बाप जगात एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला भाऊ म्हणून आला.

मी मशीन चालवते, पोपट घेऊन बसत नाही. हा अभ्यास ज्या डॉक्टरांचा आहे त्यांना आम्ही मागून रंगारी म्हणतो, कारण ते भेटेल त्याला रंगवलेली डोकी दाखवत सुटतात. परवा चहावाल्यालाही दाखवली. तो लाल रंग डोक्यात नसतो बरं का, संगणक भरतो. त्यांचं काम असं: आधी मुलांच्या मेंदूचं चित्र काढायचं, मग सगळ्यांनाच उपचार द्यायचा, आणि शेवटी बघायचं की कसल्या चित्राची मुलं सुधारली. म्हणजे तुला हवा तो निकाल सगळं संपल्यावर. आज रंगाऱ्यांचा अंदाज दहांतल्या सात मुलांचा बरोबर येतो. नाणं उडवलं तरी पाचांचा आला असता. मधल्या दोन मुलांवर त्यांनी परिषदेत टाळ्या घेतल्या.

थट्टा सोड, काम वाईट नाही. उद्या खरंच आधी कळायला लागलं तर ज्या मुलाला हा उपचार लागू पडायचा नाही, त्याचे महिने फुकट जाणार नाहीत, दुसरा उपचार लगेच देता येईल. पण आज एका मुलीच्या कपाळावर पास-नापास मारायची हिंमत खुद्द रंगाऱ्यांचीही नाही, आणि त्यांच्या हिमतीला तोटा नाही. घरच्यांना चित्राचं काही सांगतही नाहीत. शिवाय ती माझी भाची, म्हणून तिच्या वेळी मशीनवर मी नसणार, माझी जोडीदारीण असेल. तेव्हा वशिला विसर आणि सही कर. चित्र येवो न येवो, उपचार तिला मिळायलाच हवा.

तुला एक काम मात्र आहे. मशीनमध्ये मुलांना आईचा किंवा बापाचा आवाज ऐकवतात. तीस सेकंद दोष काढायचे, तीस सेकंद कौतुक करायचं, आणि तीस सेकंद भलत्याच गोष्टीबद्दल बोलायचं. कुणाचा आवाज हवा ते मूल ठरवतं. वहिनीनं फोनवर सांगितलं की टिटवीनं कागदावर बाबा असं लिहिलं. वहिनी जरा फुगली आहे, पण मला तर धडकीच भरली. दोष काढण्याची मला काळजी नाही. कौतुकाचं काय करणार आहेस?

लोभ असू दे. टोमणे माझ्याकडून वेळेवर येत राहतील.

तुझी
धाकटी


ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या लोकांनी छळ मांडला आहे. दोषांचं मी एका दमात बोललो. चार मिनिटं झालं, ते त्यांनी कापून घेतलं. भलत्या गोष्टीत मी पंखा कसा जुळवतात ते सांगितलं, तेही पहिल्या झटक्यात मंजूर. कौतुक मात्र तीन वेळा परत आलं. वर त्या रंगाऱ्यांच्या हाताखालच्या पोरीची नम्र सूचना, की कृपया पण हा शब्द टाळावा. तिन्ही मजकूर खाली उतरवले आहेत. तूच तपासून सांग काय चुकलं.

पहिला: टिटवी, तू हुशार आहेस. पण ती हुशारी वापरशील तर शपथ. चौथीत पहिली आलीस, मग पाचवीत काय झालं? पुढचं तुला अंदाजानं कळेल.

दुसरा: टिटवी, तुझं अक्षर छान आहे. माझंही छान होतं. माझी वही गुरुजी सगळ्या वर्गात फिरवायचे. इथून तीस सेकंद कधी संपले ते कळलं नाही.

तिसरा: टिटवी, तू कुणाला त्रास देत नाहीस. हे चार सेकंदांत झालं. पुढे काही सुचेना, आणि बंद करायचं राहिलं. सव्वीस सेकंद बैठकीतला पंखा ऐकू येतो. तो मात्र उत्तम आहे.

खरं सांगू का, आमच्याकडे चांगल्या पंख्याला चिठ्ठी लागत नाही. चिठ्ठी दोषाची. कुठे घासतोय, कुठे थरथरतोय, ते लिहून बाजूला काढायचा. चांगला असेल तो गुपचूप पुढे जातो. मला वाटायचं, मी काही बोललो नाही की तिला कळतं सगळं ठीक आहे.

सही अजून केलेली नाही. तुझं म्हणणं वाचलं. तरी आधी काहीतरी कळायला हवं की नाही?

कळावे. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी दोन पानांत आटप.

दादा


ता. २० फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

रागावले आहे, आणि एका पानात आटपते.

कुणाला त्रास देत नाहीस हे कौतुक नाही रे. तेच तर तिचं दुखणं आहे. त्या पोरीनं स्वतःला इतकं आवरून घेतलं की आता घरात ती असून नसल्यासारखी, आणि तू त्याचीच शाबासकी देतोस! कारखान्यात तुझ्यासारखा कान कुणाचा नाही म्हणतात. घरातला सगळ्यात मोठा आवाज बंद पडला, तो तुला कधी कळला? वर्गशिक्षिकेचा निरोप आला तेव्हा. किती महिन्यांनी? मोज.

मीही तुझ्याच हाताखाली वाढले. बाबा गेल्यावर तूच मला शिकवलंस, ते मी विसरले नाही. पण मला नोकरी लागली तेव्हा तू पहिल्यांदा काय विचारलंस आठवतं? पहिल्या नंबरानं निवड झाली की दुसऱ्या. मी तोंडाळ होते म्हणून निभावलं. टिटवी तशी नाही. ती लावलेली प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवते.

शब्द शोधू नकोस. तुला हुशार, गुणी वगैरे जमत नाही. तुला ऐकता येतं. तिचं जे ऐकलं आहेस तेवढं सांग.

दोन मार्चला तिचा नंबर आहे. आधी कळायला हवं म्हणतोस, तर ती जन्मली तेव्हा काय कळलं होतं तुला? घेतलीच होतीस ना उचलून? सही कर.

राग ओसरला की नीट लिहीन. माया आहे, ती कुठे जात नाही.

धाकटी


ता. ५ मार्च

प्रिय आत्यास सा. न.

तू विचारशीलच म्हणून आधीच लिहिते. मशीन म्हणजे एक नळकांडं आहे. डोक्यावर पिंजरा अडकवतात, कानांवर हेडफोन आणि अजिबात हलायचं नाही. मग कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत बसतं. हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिलं, कारण मला खूप दिवसांनी काहीतरी लिहावंसं वाटलं.

आधी दोष. ते मला पाठच आहेत, मला जवळजवळ झोप लागली. मग पंखा. आत्या, बाबा पंख्याबद्दल काय गोड बोलतात गं! त्या पात्यांचा मला हेवा वाटला.

मग कौतुक. ते असं होतं. टिटवी, तू जिना चढायला लागलीस की मला वर कळायचं. तू एक पायरी सोडून उडी मारायचीस. चढता चढताच शाळेतलं सगळं सांगायला लागायचीस, मी दार उघडलेलंही नसायचं. मी कानात बोटं घालायचो ना, ती खोटी होती. बोटं सैल असायची. मला सगळं ऐकू यायचं. मला ते ऐकायला आवडायचं. मग बाबा खोकले, आणि संपलं.

पिंजऱ्यात डोळे पुसता येत नाहीत. पाणी कानात जातं. ते चार वेळा ऐकवतात आणि मी चारही वेळा हुंदके दिले. तुझ्या जोडीदारणीनं सांगितलं की चित्र धावत्या गाडीतून काढल्यासारखं आलंय. रंगारी फार हळहळले. माझं डोकं काही परिषदेत जात नाही. मी पास की नापास, ते आता कुणालाच कळणार नाही.

बाबा बाहेर उभे होते. त्यांनी काय झालं विचारलं, मी चित्र बिघडलं म्हणून सांगितलं. वाटलं, आता सगळं बारगळलं. त्यांनी खिसे चाचपले, पेन सापडेना, काउंटरवरच्या बाईंकडून मागून घेतलं आणि तिथेच सही केली.

मला बरं वाटतंय असं मात्र घरभर सांगत सुटू नकोस. दुसऱ्या दिवशी मी परत पडूनच होते. मला अजून सकाळी उठावंसं वाटत नाही. पण गुरुवारी जाणार आहे.

माझी चिडकी आत्या अशीच राहू दे.

टिटवी


ता. २४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

काल तिसरा गुरुवार झाला. मी रजा टाकून स्वतः नेतो. साहेबांनी कारण विचारलं, तर मुलीला नैराश्य आहे म्हणून सांगितलं. शब्द बाहेर पडायला वेळ लागला, पण पडला. सुधारणा म्हणशील तर डोळ्यांत भरण्याजोगी काही नाही. केस विंचरून आली होती. मी त्यावर काही बोललो नाही, आणि घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं मला झापलं की चांगलं दिसतंय एवढं म्हणायला काय झालं होतं. मला हे अजून जमत नाही. शिकतोय.

तुला तो पहिला की दुसरा नंबर विचारल्याचं मी रोज आठवतोय. तुला नोकरी लागली त्या दिवशी मी गेटवरच्या शिपायापासून सगळ्यांना सांगितलं होतं. तुला तेवढं सांगायचं राहिलं.

ती आत बोलत असते तेव्हा मी बाहेर बाकावर बसतो. डोक्यावर पंखा आहे, आमच्या कारखान्याचा नाही. नुसता खरखरतो. पन्नास मिनिटं जीव कासावीस होतो, पण तीन गुरुवार मी कुणाकडे तक्रार केलेली नाही. आत काय बोलणं होतं ते मी विचारायचं नाही असं ठरलं आहे, आणि मी विचारत नाही. बारा आठवड्यांनी काय होईल तेही आता कुणाला विचारत नाही.

काल ती बाहेर आली आणि चप्पल घालता घालता थांबली. वर बघितलं. मग आपण होऊन म्हणाली की बाबा, याचं बेअरिंग गेलंय. दीड वर्षात तिनं स्वतःहून माझ्याशी काढलेला हा पहिला विषय. बेअरिंगच गेलं होतं. मी तिला सांगितलं की बरोबर ओळखलंस, कान चांगला आहे तुझा. पणनं सुरू होणारं पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं, आणि आम्ही जिना उतरलो.

तुझा
दादा