साबिराच्या मापाची खिडकी

भामरागड, ऑगस्ट १९९८

साबिरा, सलाम.

मी इथी मजेत आहो. ताप उतरला, फिकर करू नको. पुरानं रस्ता बंद आहे, म्हणून ही चिठ्ठी उशिरा भेटन. आपल्या मदीहाचा खोकला कसा आहे?

डॉक्टरसाहेबाचं नवं घर पाहशीन तर पाहतच राह्यशीन. मोहाचं झाड तोडलं नाई, घरच वळवलं. सकाळचं ऊन सीधं सैपाकखोलीत येते, समोर नद्यांचा संगम दिसते.

पण त्याच खोलीची खिडकी मी फार खाली बसवली. डॉक्टरीणबाई ओट्यापाशी उभ्यानं रांधतात. त्यांले नुसतं आंगण दिसते. नदी पाहाले खाली बसा लागते. त्या म्हणाल्या, "वाजिदभाऊ, हे कोणाचं माप घेतलं?"

मी टेप लावून पुन्हा मोजलं. तू चुलीपाशी बसते ना, त्याच उंचीवर माहा हात थांबला होता.

बाई हासल्या, म्हणाल्या, राहू द्या. आता त्या तिथी पाट टाकून तांदूळ निवडतात.

तू अजून दिवसाही बत्ती लावूनच रांधते काय? चुलीबाजूच्या भिंतीले काही टेकवू नको. आलो का पहिले ते भिंत फोडून तिथी खिडकी बसवतो.

माप घेऊन ठेवू नको. ते माह्यापाशी आहे.

तुझा,
वाजिद