गिनेपची बासरी

मंगळवार, ४ मार्च
उतरायचं ठिकाण मागे गेलं! टॅक्सीत मागे चौघं कोंबलेले, मांडीवर कुणाची तरी केळ्यांची पिशवी, आणि ड्रायव्हरने लावलेलं ते गाणं — खाली आपला नेहमीचा रेगे, संथ, आणि वर बांबूची बासरी, मध्येच चर्चमधल्या बायकांसारखा कोरस. थेट पुढच्या बोस्टन गावापर्यंत गेले. चालत परत. समुद्र डावीकडे, बासरी डोक्यात. बँडचं नाव गिनेप.

बुधवार, ५ मार्च
दिवसभर गिनेप. कॅललूची भाजी करपली.

शुक्रवार, ७ मार्च
डॅडीला ऐकवलं. आमच्या अख्ख्या पोर्टलंड परगण्यात डान्सला गाणी वाजवणाऱ्या त्याच्या साउंड सिस्टीमचं नाव. तो म्हणेल ते गाणं चांगलं. आजवर मीही तेच म्हणत आले. पुढच्या शनिवारच्या डान्सला पहिल्यांदाच गाणी मी लावणार आहे.
ऐकून म्हणाला, "रिकामं आहे गं पोरी. बेसच्या वर काहीच नाही."
काहीच नाही? मी म्हटलं, मला आवडतं. त्याच्यासमोर असं कधी बोलले नव्हते. मग त्याचा आवाज चढला — माझ्या स्पीकर-बॉक्सवर हे वाजणार नाही म्हणाला. रडू आलं. ही माझी आवड आहे की नुसता हट्ट? खरंच कळत नाही.

शनिवार, ८ मार्च
इसिल्डा आत्याकडे गाऱ्हाणं नेलं. ती हसली. डॅडी माझ्याएवढा असताना आजोबांनी त्याच्या रेकॉर्ड्स समुद्रात भिरकावल्या होत्या म्हणे — चर्चचे डीकन ना! मग त्याला कळायला नको? "त्याला कळलं असतं तर तुझा बाप कसला," म्हणाली, आणि पुढ्यात तळलेला मासा ठेवला. खाल्ला. तरी राग गेला नाही.

रविवार, ९ मार्च
दुपारी डॅडी अंगणात बॉक्स तपासत होता. न विचारता गिनेप लावलं. ओरडला नाही. बॉक्सवर तळवा टेकून, डोळे मिटून उभा राहिला. आंब्याची सावली, ऊन, तो आवाज — वाटलं, आवडलं त्याला! मग ती जागा आली, बेस थांबतो आणि नुसती बासरी उरते. माझी सगळ्यात लाडकी. डॅडीने डोळे उघडले, वायर चाचपली.
"बंद का केलंस?"

सोमवार, १० मार्च
मी बंद केलं नव्हतं. बासरी चालूच होती, फक्त मला ऐकू येत होती. त्याला सांगितलंही नाही. शनिवारी काय लावायचं, ते आता मलाच ऐकावं लागणार. दोघांसाठी.