कशापेक्षा फास्टर?

मंगळवार, चाकण. पहिली शिफ्ट सुटल्यावर.

लाइन लीडर व्हायचं तर आपण केलेली सुधारणा इंग्रजीत लिहून कंपनीच्या बोर्डावर लावावी लागते. मी लिहिलं, बोल्टचा ट्रे खालून उचलून कमरेइतक्या उंचीवर ठेवला, आता काम 'मोअर फास्टर'. सुपरवायझरनं 'मोअर' खोडलं आणि विचारलं, "फास्टर, पण कशापेक्षा राव?" सगळे हसले. कशापेक्षा? आधी किती वेळ लागायचा, ते मी मोजलंच नव्हतं.

रूमवरचा गणेश म्हणतो, "दे भावा, मी लिहितो." नको. सातवीत शाळा सोडून बीडहून आलो, म्हणून काय दुसऱ्याच्या हातानं लिहू? उद्या ट्रे पुन्हा खाली ठेवून घड्याळ लावतो, मग वर ठेवून. आणि वेळ जास्तच लागला तर? तर 'स्लोअर' लिहीन, पण कशापेक्षा ते सांगून.