रिकाम्या ताटलीचं वजन

शनिवार, ३ मे. सकाळी ९.
संकल्प : आठ दिवसांत काटा तयार. पुण्याची नोकरी सोडून विट्याला आलो ते उगाच नाही. सोनं तोलायचा डिजिटल काटा, प्रोग्राम सगळा माझा. अब्बांनी चाळीस वर्षं सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांचे काटे दुरुस्त केले, आता मुलगा नवे बनवणार. अकरा तारखेला नानासो बघायला येणार. कोइमतूरला त्यांची सोनं गाळायची दुकानं आहेत. अब्बांनी शब्द दिलाय.

सोमवार, ५ मे.
प्रोग्राम उत्तम चालतो. फक्त चिपमध्ये मावत नाही. किरकोळ बाब. कंपायलर, म्हणजे माझा कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, ऑप्टिमायझेशन चालू केलं की कोड आवळून लहान करतो.
दुपारी : चालू केलं, एरर आली. बंद केलं, एरर गेली. म्हणजे दोष कंपायलरचा.

मंगळवार, ६ मे.
एरर म्हणते, ओळ २१४ : वजनाला सुरुवातीचा आकडा दिलेला नसावा. 'नसावा'! ज्याला स्वतःलाच खात्री नाही, त्याचं मी काय ऐकायचं?
सबा चहा घेऊन आली, म्हणाली, "ओळीचा नंबर दिलाय न्हवं, तीच ओळ बघा की." बायकोला शांतपणे समजावलं की हे इतकं सोपं नसतं.
कंपायलर बनवणाऱ्यांना ईमेल पाठवला. इंग्रजी फार छान जमलंय.

गुरुवार, ८ मे.
दुसरा कंपायलर आणला. तोही २१४ च म्हणतो. एकाच माळेचे मणी.
अब्बांनी विचारलं, काम कुठवर आलं. नव्वद टक्के, म्हणालो. सोमवारीही नव्वदच म्हणालो होतो, हे त्यांच्या लक्षात आहे.

शनिवार, १० मे.
कंपायलरवाल्यांचं उत्तर आलं : कृपया ओळ २१४ पाहावी. उद्धट माणसं.
पण मार्ग सापडला. ही एरर देणारी कंपायलरची तपासणीच बंद करता येते. केली. एरर गायब, प्रोग्राम चिपमध्ये बसला. सबाची अंगठी ठेवली, वजन अचूक. रिकामी ताटली तपासली नाही. रिकाम्यात काय बघायचं?

रविवार, ११ मे. संध्याकाळ.
नानासोंसमोर काटा चालू केला. ताटलीवर काही नाही आणि आकडा ४.३७ ग्रॅम. नानासो म्हणाले, "लय भारी हाय की. हवा बी तोलतोय." अब्बा हसले नाहीत. नानासो चहा पिऊन गेले. जाताना त्यांचा जुना काटा अब्बांकडं दुरुस्तीला ठेवून गेले.
अब्बांनी एवढंच विचारलं, "तोलायच्या आदी शून्य केलंवतंस का रं?" चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पहिलं हेच विचारत आलेत. मला फार लाज वाटली.
ओळ २१४ उघडली. ताटलीवर काही ठेवलं तरच वजनाला आकडा मिळत होता, रिकामी असली की मेमरीत पडलेला कुठलाही. '= ०' लिहिलं. तपासणी परत चालू केली. एरर नाही. रिकामी ताटली, आकडा शून्य.
अब्बांना दाखवायला गेलो. ते नानासोंचा काटा उघडून बसले होते. वर न बघता त्यांनी बारका स्क्रू-ड्रायव्हर मागितला. दिला.