खिडकीतला बल्ब

मंगळवार, दिवेलागणीनंतर

गेल्या आठवड्यात शेजारचं कुलूप भरदुपारी फोडलं, तेव्हा मी घरातच होते. गल्लीतल्या पॉवरलूमच्या खडखडाटात काही ऐकूच आलं नाही. पोलीसताई सांगून गेल्या, "धोका वाटला तर ओरडा." इथे ऐकणार कोण?

म्हणून गल्लीपलीकडच्या शबानाने सुचवलं, "आंटी, खिडकीत बत्ती जलती रखो. बुझी, तो मैं आयी."

आज अचानक दार हादरू लागलं. कोण असेल? शाळेतली प्रार्थनासुद्धा आठवेना. बल्ब बंद करायला धावले, तर तो आधीच उडालेला! आता कोण येणार?

खिडकीतून डोकावले. दारात शबाना, हातात लाटणं. "बत्ती क्यों बुझाई, आंटी?"

नवा बल्ब लावून गेली. लाटणं इथेच विसरली, वेडी. आज उशाशी ठेवीन.