आमच्या मोटारीची बॅटरी कोण पितं

आष्टा,
तुळशीची लग्नं उरकल्यानंतरचा बाजारवार, सन १९४६

प्रिय केरबा,

आष्ट्याहून आकारामचा तुला रामराम. आप्पासोंना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांचा दमा थंडीत उचल खातो, तेव्हा त्यांना पहाटे घाटावर आंघोळीला जाऊ देऊ नकोस (ते ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं पुण्य तुझ्या पदरी पडेल). लीलावहिनींना नमस्कार. त्यांनी दसऱ्याला तुझ्याबरोबर पाठवलेल्या करंज्या घरात सर्वांना आवडल्या, माझ्या वाट्याला मात्र डबाच आला. वाईत तुझं ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान बरं चाललं असेल असं धरून चालतो. तुझी स्वतःची तब्येत मुद्दामच विचारत नाही. हे पत्र वाचून झाल्यावर ती कशी राहते ते आधी बघू.

दसऱ्याला तू आमच्या मोटारीत ती लष्करी रेडिओची पेटी बसवून दिलीस, त्याबद्दल मनापासून आभार. आभार मानून झाले, आता मी बोलायला मोकळा झालो. पलटणीत तू वायरलेस सांभाळायचास आणि मी इराकात लॉरी हाकायचो, म्हणून तुला यंत्रातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं असं समजून मी गप्प उभा राहिलो आणि तू माझ्या मोटारीच्या पोटात हात घातलास. सुरुवातीला सगळा आनंदच होता. टपावरच्या कर्ण्यातून मुंबईचं गाणं सुरू झालं की आष्टा ते सांगली माणसं दुसरी मोटार सोडून आमच्या मोटारीसाठी खोळंबायची. विश्रामबागेत उतरणारी धोंडुबाई (तीच, जी भाजी-माळव्याच्या दोन पाट्या घेऊन तीन माणसांची जागा अडवते) एकदा गाणं अर्धं राहिलं म्हणून उतरायलाच तयार होईना. मी मिशीला पीळ देऊन गाडी हाकत होतो. पण दिवाळीच्या आधीपासून सकाळी गाडी चालू होईना. बटण दाबावं तर आतून नुसतं दमेकऱ्यासारखं कण्हणं. हँडल मारून मारून माझा खांदा निखळायची वेळ आली. बॅटरी बैलगाडीत घालून सांगलीला न्यायची, चार्ज करून आणायची, दिवसभर गाडी पळवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ती कोरडी ठणठणीत. मोटारीचं खाणं बैलांनी वाहून आणायचं, अशी आमची मोटार सर्व्हिस!

आमच्या गल्लीतल्या अर्जुनाच्या लग्नाचं तर तुझ्या कानावर आलंच असेल, नसेल तर माझ्याकडूनच ऐक. वऱ्हाड भरलं, वाजंत्री वाजली, नवरदेव पुढच्या सीटवर बसला आणि मोटारीनं मान टाकली. वऱ्हाडी उतरले, ढकलायला लागले. तरी हलेना, तेव्हा नवरदेव स्वतः मुंडावळ्या मागं टाकून, कट्यार कमरेला खोचून ढकलायला आला. मोटार एकदाची फुरफुरली आणि अशी सुटली की मी गावाबाहेर जाऊन थांबेपर्यंत नवरदेव धुळीतून मागं पळत होता. मुलीकडच्यांनी विचारलं म्हणे, की नवरा कुस्तीच्या फडातून थेट आलाय काय.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. आमची मोटार गोठ्यातच एका अंगाला असते हे तू पाहिलं आहेस. दुसऱ्या अंगाला बैल. आमच्या मळ्यात खतासाठी मेंढरं बसवायला आटपाडीकडचा धनगर बिराप्पा येतो. तो एका तिन्हीसांजेला गोठ्यात विस्तव मागायला म्हणून शिरला आणि विस्तव न घेताच बाहेर आला. म्हणाला, "आकाराम, तुज्या गाडीत कोन बसलंय रं? कवापासनं गुणगुण चाललीया." मी म्हणालो, गाडी बंद आहे, बटण बंद आहे, तू दमला आहेस. तो म्हणाला, "म्या न्हाई गड्या, बैलाला इचार. त्यो हुबा हाय." आणि खरंच, आमचा सर्जा उभा होता. सगळे बैल बसून रवंथ करत होते, आणि सर्जा दावं ताणून मोटारीकडे तोंड करून, कान टवकारून उभा. सर्जा म्हणजे सिद्धूनं वासरापासून वाढवलेला. सिद्धू, माझा धाकटा भाऊ, टाळूला जीभ लावून टक्क टक्क असं वाजवायचा, की हा बसलेला बैल उठून उभा राहायचा. दुसऱ्या कोणी वाजवलं तर शेपूटसुद्धा हलवायचा नाही. (मी पुष्कळ वाजवून पाहिलं. जीभ दुखली.) सिद्धू पलटणीत गेल्यापासून कुणाच्याही सांगण्यावरून सर्जा उठलेला मी पाहिला नव्हता.

मी आत जाऊन पाहिलं, केरबा. गोठ्यात काळोख दाटत होता, आणि मोटारीच्या मागच्या सीटखाली तांबूस डोळे लागले होते, बारीक बारीक, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. आणि गुणगुण. कोणी तोंड मिटून ओवी म्हणावी तशी. मी उलट्या पावली बाहेर आलो, हे मी फक्त तुलाच सांगतो आहे. दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा झाला. शालूबाई, आमच्या शेजारीण, मोटारीवरून लिंबू उतरवून गेल्या आणि ते लिंबू नेमकं चाकाखाली आलं, त्यामुळे आणखी बोभाटा. धोंडुबाईनं पाट्यांसकट दुसरी मोटार धरली. एवढी जागा मोकळी झाल्याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मग मी ठरवलं, आपण लष्करातले, लिंबू उतरवण्यातले नव्हे. भर दुपारी गोठ्याची दारं उघडून बसलो. मागच्या दिव्याचा बल्ब काढला, बॅटरीची एक तार सोडवली आणि त्या तारेच्या आणि बॅटरीच्या मध्ये तो बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद. म्हणजे बल्ब पेटायला नको. पेटला! मंद, पण पेटला. याचा अर्थ कोणीतरी आतून वीज पीत होतं. मग एकेक तार सोडवत गेलो. पुढच्या दिव्यांची सोडवली, बल्ब तसाच. भोंग्याची सोडवली, तसाच. तुझ्या पेटीची तार सोडवली आणि बल्ब विझला. केरबा, त्या क्षणी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तुझ्या नावानं मी जे बोललो ते वाईपर्यंत ऐकू गेलं नसेल तर तुझ्या कानांची तपासणी कर. तू पेटी फौजेच्या पद्धतीनं जोडलीस. हुकूम आला की पेटीनं लगेच बोलायला हवं, तापायला वेळ घालवायचा नाही, म्हणून तिथं तुम्ही पोटातले काचेचे दिवे सतत पेटते ठेवायचात आणि बटणानं फक्त आवाज बंद करायचात. इथं हुकूम द्यायला कोण येणार आहे? आणि तिथं बॅटरी भरायला वेगळं इंजिन असायचं, इथं आमचे बैल! ते तांबडे डोळे म्हणजे सीटखाली बसवलेल्या पेटीतले दिवे, आणि ती ओवी म्हणजे आतल्या यंत्राची गुणगुण. मी बिराप्पाला बोलावून सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि बैल?" मी म्हणालो, बैलाला गुणगुण ऐकू येते म्हणून उठतो. तो "व्हय" म्हणाला. त्याला पटलेलं नव्हतं.

पेटीची तार सोडवून ठेवली आणि निर्धास्त झोपलो. सकाळी बॅटरी कोरडी. तार जागच्या जागी जोडलेली! पुन्हा सोडवली, पुन्हा सकाळी जोडलेली. मला वाटलं बिराप्पा माझी जिरवतो आहे. म्हणून एका तिन्हीसांजेला कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसलो. हातात चांगला दांडका घेतला होता (भुतासाठी की बिराप्पासाठी, हे ठरलं नव्हतं). दार वाजलं. कोणीतरी घासलेटची चिमणी घेऊन आत आलं, पदरानं हात झाकून ती तार बरोबर जागेवर अडकवली, आतले दिवे लागेपर्यंत थांबलं, पेटीवर हळदकुंकू वाहिलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसलं. ती आई होती.

दांडका मी हळूच खाली ठेवला. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तिन्हीसांजेला लागलेला दिवा इझवू न्हाई, आकाराम. पोर भाईर हाय." मी म्हणालो, आई, हा दिवा नव्हे, हे यंत्र आहे, यानं बॅटरी संपते. तर म्हणाली, "केरबा म्हनला न्हवं, अशीच पेटी सिद्धूच्या खेचरावर असती म्हनून? आनि ह्या पेट्या आपसांत बोलत्यात म्हनून? मग हिकडची इझली तर तिकडच्याला कसं कळंल घर कुटं हाय?"

 तू दसऱ्याला तिच्याशी खोटं बोलला नाहीस हे मला माहीत आहे. सिद्धू खेचरांच्या कंपनीत होता, तुझी वायरलेसची पेटी त्याच्याच खेचरावर असायची, आणि पेट्या आपसांत बोलतात हेही खरं. पण निघताना मोटारीच्या आडोशाला तू मला जे सांगितलंस, की ब्रह्मदेशातली ती नदी ओलांडताना सिद्धू खेचरासकट आणि पेटीसकट पाण्यात गेला, ते तू तिला सांगितलं नाहीस. सरकारी कागदात बेपत्ता एवढंच आहे. मीही सांगितलं नाही, माझ्या तोंडून ते निघत नाही. ती रोज तिन्हीसांजेला त्या गुणगुणीपाशी बसते, जेवायचं विसरते. मोटार गेली खड्ड्यात. पण आईचं असं वाट बघत झिजणं मला बघवत नाही.

म्हणून तुला हात जोडून विनंती, मिळेल त्या गाडीनं ये. तुझी पेटी काढून घेऊन जा, आणि आईपाशी बसून जे तू पाहिलंस ते तिला सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती रडेल आणि मोकळी होईल. आप्पासोंना पुन्हा नमस्कार, वहिनींना नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझा,
आकाराम

ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. वर लिहिलेली विनंती रद्द समज. पेटी न्यायला येऊ नकोस आणि आईला काही सांगायलाही येऊ नकोस. तुझ्या ओळखीनं फौजेच्या भंगारात एखादी मोठी बॅटरी मिळाली तर तेवढी घेऊन ये. मोटारीची नव्हे, फक्त पेटीसाठी वेगळी हवी आहे. तिची वाट बघतो आहे.

ता. क. दुसरा. तू विचारणारच, एवढ्यात काय झालं, म्हणून लिहितो. काल आईला मी स्वतःच सांगून टाकायचं ठरवलं. दुपारीच पेटीची तार मुळापासून काढून खिशात घातली, आणि तिन्हीसांजेला तिच्याशेजारी मागच्या सीटवर जाऊन बसलो. पेटी काळीठिक्कर. दिवे नाहीत, गुणगुण नाही. आईनं तार चाचपून पाहिली, सापडली नाही, तरी ती उठली नाही. तिचा हात माझ्या हातात होता आणि तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर, मिटलेलं. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात पेटीतून आवाज आला. टाळूला जीभ लावून वाजवावं तसा, टक्क टक्क. मला वाटलं, लाकूड तडकलं असेल. पण गोठ्यात सर्जा उठून उभा राहिला. आई एवढंच म्हणाली, "ऐकलंस?" केरबा, मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त काहीतरी वाटलं, त्याला नाव देता येत नाही. तार अजून माझ्या खिशात आहे. तेव्हा आता मला एकच खरं कळव. त्या नदीत सिद्धूला जाताना तू डोळ्यांनी पाहिलंस, की तुलाही कोणी सांगितलं होतं?